खालच्या गटात चाललोय, बाबा!

प्रिय बाबा,

काल मी तुझ्याविरुद्ध बोलले. घरात नाही, देवळाच्या मंडपात, अख्ख्या गावासमोर. माईक नव्हता, तरी शेवटच्या ओळीत बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "बाबा चुकला." ही गोष्ट तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. आपल्या हरेश मास्तरांचा काय भरवसा? क्लबचे सेक्रेटरी ते, सभेची वही त्यांच्याकडे. त्यात माझ्या दोन शब्दांचं ते एक पान करतील!

आज मासळी लवकर खपली. दुपारी बोईसरच्या बाजारातून आले, हात दोनदा साबणाने धुतले आणि ओट्यावर बसले. आई विचारत होती, "कोणाला लिवतेस?" म्हटलं, बाबाला. तिने चहा आणून ठेवला, दोन कप. एक तिने स्वतःच प्यायला, पण माझ्या शेजारी बसून.

आधी वाईट बातमी सांगते. मग चांगली. उठून जाऊ नकोस! तुझी ती सवय मला माहीत आहे. दोन गोल पडले की टोपी झटकायची आणि मॅच संपायच्या आधीच सुरूच्या झाडांमागे निघून जायचं. आज मी तुला जाऊ देणार नाही.

बाबा, आपण खाली गेलो.

हो. आपला किनारा क्लब, एडवणचा. वरच्या गटात टिकलो नाही. दहा टीम, त्यातल्या शेवटच्या दोन खालच्या गटात जातात, आणि त्या दोघांत आपण.

तू दवाखान्यात गेलास तेव्हा आपण चौथे होतो. आठवतं? दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मणने दोन गोल मारले होते आणि तू त्याला सगळ्यांसमोर मिठी मारलीस. मासवणचा लक्ष्मण, आपला सगळ्यात वेगवान खेळाडू. तुझ्या छातीएवढा उंच, पण डोंगर चढून-उतरून पायात वारा भरलेला. दिवाळी झाली आणि तो बायको-आईला घेऊन वाड्याकडच्या वीटभट्टीवर गेला. दरवर्षीच जातो. मग आपला गोलकीपर नितेश. त्याच्या बोटीच्या तांडेलाने लांबची मासेमारी धरली. बोट आठ-आठ दिवस बाहेर, रविवार समुद्रावर. कधी तीन जण बोटीवर, कधी पाच. एका मॅचला आपण नऊ जण घेऊन उतरलो, बाबा! नऊ! आणि गोलमध्ये उभा राहिला आपला गावचा शिंपी, चष्मा लावून.

हरलो, हरलो, हरतच गेलो.

आणि इथे मला तुझी एक माफी मागायची आहे.

दवाखान्यात दर रविवारी संध्याकाळी मी आले की तू आधी एकच शब्द विचारायचास, "किती?" तुझ्या नाकात नळी होती, बोलताना दम लागायचा, पण "किती?" चुकला नाही. पहिल्या रविवारी आपण चार-शून्य हरलो होतो. तुझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन-एक. आपण." तू डोळे मिटून हसलास. मग पुढच्या रविवारी मी काय करणार होते? एकदा खोटं बोललं की त्याला भावंडं होतात. पुढचे पाच रविवार मी आपल्याला हरू दिलं नाही. एकदा बरोबरी केली, म्हणजे तुला संशय येणार नाही. गोल कोणी मारला हेसुद्धा मी रचून सांगायचे. शिंप्याने पेनल्टी अडवली असं सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की नर्स धावत आली.

संक्रांतीच्या आधी तू गेलास, तेव्हा माझ्या तोंडच्या लीगमध्ये आपण दुसऱ्या नंबरवर होतो. खऱ्या लीगमध्ये नववे.

तुला निरोप देताना मला एकच टोचत होतं, या माणसाला मी खरं सांगितलं नाही. बाकी रडायला सगळे होते. हे एक माझं एकटीचं होतं.

पण थांब, त्याचंही पुढे काहीतरी झालं. आधी शेवटच्या मॅचचं ऐक.

शेवटची मॅच आपल्या मैदानावर, बोईसरच्या कारखान्यातल्या पोरांच्या टीमशी. त्यांना काही फरक पडत नव्हता, ते मध्ये कुठेतरी होते. आपल्याला जिंकायलाच हवं होतं. बरोबरीसुद्धा चालणार नव्हती.

सकाळपासून गाव मैदानावर! माझ्या आठवणीत एवढी माणसं जत्रेलाच बघितली होती. बायकांनी सुकत घातलेले बोंबील तसेच वलांडीवर सोडले आणि आल्या. मी तुझ्या जागेवर उभी राहिले, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ. तीन वर्षं तुझा गुडघा धरलेला म्हणून मी तुला स्कूटरवरून सोडायला यायचे ना? पहिल्या वर्षी मी तुझ्याकडे पाठ करून फोन बघत बसायचे. दुसऱ्या वर्षी "ऑफसाइड म्हणजे काय?" विचारलं. तिसऱ्या वर्षी रेफ्रीला मी तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागले. तू म्हणालास, "पोरी, तुला आधी आणायला हवी होती." मग का नाही आणलंस रे? माझ्या लहानपणी तू गोलच्या जाळ्या विणायचास तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. जाळी मैदानावर जायची, मी घरी. त्याचा राग आहे मला. थोडा. पत्रात लिहिण्याएवढा.

तर मॅच. नितेश समुद्रावर, गोलमध्ये शिंपी. लक्ष्मणचा पत्ता नाही. मास्तरांनी भट्टीवर निरोप धाडला होता, पण मुकादम सोडेल याची खात्री कोण देणार? वीस मिनिटांत एक गोल पडला. मला वाटलं, झालं. तू असतास तर त्या क्षणी टोपी झटकली असतीस.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने आरडाओरडा. लक्ष्मण! मनोरपर्यंत ट्रकने आला होता, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. अंगावर विटांची लाल धूळ, केसांतसुद्धा. मास्तर म्हणाले, "अरे, पाणी तरी पी." तो म्हणाला, "मंग पितो," आणि शर्ट काढत काढतच आत शिरला. दहा मिनिटांत त्याने बरोबरी केली! बाबा, असा गोल! तीन जणांच्या मधून चेंडू घेऊन गेला, जसा कोळंबीच्या टोपलीतून हात फिरवून आपण खेकडा काढतो, तसा. जाळी हलली आणि मी शेजारच्या बाईला इतकी घट्ट धरली की तिची बांगडी वाढवली.

मध्यंतर झालं. एक-एक. आणि कुणीतरी ओरडलं, "बोट!"

सगळं मैदान किनाऱ्याकडे वळलं. नितेशची बोट येत होती! त्याने तांडेलाला दोन दिवस काय सांगितलं असेल देव जाणे, पण तांडेलाने बोट वळवली होती. बोट उथळ पाण्यात पोचायच्या आधीच नितेशने उडी टाकली, बूट लेसने बांधून गळ्यात अडकवलेले. कमरेएवढ्या पाण्यातून तो चालत आला आणि आपली माणसं त्याला असं बघत होती जसं काही विसर्जनाचा गणपती उलटा परत येतोय. शिंप्याने हातमोजे काढून त्याच्या हातात दिले आणि सरळ वाळूवर आडवा झाला. बिचारा! सगळा हंगाम त्याने आपली इज्जत चष्म्यावर पेलली.

सत्तराव्या मिनिटाला दुसरा गोल. पुन्हा लक्ष्मण, डोक्याने. दोन-एक! आपण वर राहत होतो, बाबा. घड्याळ चालत होतं आणि आपण वर राहत होतो.

मग पेनल्टी.

मी रेफ्रीला सगळ्या शिव्या दिल्या. तुझ्या वाट्याच्यासुद्धा. पण तुला खरं सांगते, पेनल्टीच होती. आपल्या पोराने पाय मध्ये घातला होता. नितेश उजवीकडे झेपावला आणि त्याने चेंडू अडवला! अडवला, बाबा! अर्धं गाव मैदानात शिरायला निघालं. आणि चेंडू त्याच्या हाताला लागून परत समोर गेला, समोर त्यांचा एक जण एकटा उभा होता. त्याने फक्त पाय लावला.

दोन-दोन. शिट्टी.

तुला वाटेल, लोक निघून गेले असतील. कुणी हललं नाही. नितेश गोलच्या खांबाला टेकून बसला, कपडे अजून समुद्राच्या पाण्याने ओले. लक्ष्मण मैदानाच्या मधोमध उकिडवा, डोकं गुडघ्यात. आणि मग आईने, हो, आपल्या आईने, जी म्हणायची "एका चेंडवामागं बावीस येडे," तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीने. मग सगळ्यांनी. बोईसरच्या पोरांनीसुद्धा. किती वेळ ते मी सांगू शकणार नाही. खाली गेलेल्या दिवशी मला आनंद का झाला, तेही सांगता येणार नाही.

तिथेच रामाशीष माझ्याकडे आला. तुझा दोस्त रे, तारापूरच्या कापड कारखान्यातला. दर रविवारी बोईसरहून येऊन तुझ्या शेजारी उभा राहणारा. डोळे लाल. म्हणाला, "बहनजी, काका होते तो आज बीच में नहीं जाते."

माझा बांध फुटला. मी त्याला सगळं सांगितलं, दवाखान्यातलं खोटं, सहाही रविवारचं. तो म्हणाला, "काका को सब मालूम था।"

"काय?"

"मैं हर इतवार फोन करता था ना उनको। मैच खतम होते ही। आपके पहुँचने से पहले। सही स्कोर बताता था।"

मी विचारलं, "मग ते काय म्हणायचे?"

"बोलते थे, रामाशीष, अब मेरी लड़की आएगी, अपन को जिताएगी। तू उसको कुछ बोलना मत। वो अच्छा खेलती है।"

बाबा! "वो अच्छा खेलती है"! मी वाळूवर बसले आणि हसत हसत रडले. म्हणजे शिंप्याने पेनल्टी अडवली असं मी सांगितलं तेव्हा तू एवढा हसलास ते यासाठी! मी सहा आठवडे तुला फसवत होते आणि तू पलंगावर पडून मला खेळवत होतास. लबाड माणूस! एकदा तरी सांगायचंस. नाही, नको, बरंच झालं. सांगितलं असतंस तर ते विजय आपल्याला मिळाले नसते.

रामाशीषने आणखी एक सांगितलं, आता लपवून काय करायचं म्हणून. तू दर महिन्याला त्याला जे सुके बोंबील बांधून द्यायचास ना, तो मासे खातच नाही! आठ वर्षं त्याने ते खोलीवरच्या मित्रांना वाटले. "काका इतने प्यार से देते थे, कैसे बोलता?" आता तूच सांग, आपण सगळे एकमेकांना फसवतच होतो की नाही?

आता कालची सभा.

खाली गेल्यावर दोन दिवस गावात सुतक होतं म्हण. मग मास्तरांनी सभा बोलावली. विषय एकच, क्लब चालवायचा की बंद करायचा. मास्तर थकलेत, बाबा. तू गेल्यापासून त्यांना भांडायला माणूस नाही. उभे राहिले, वही उघडली आणि म्हणाले, "मी माझं काय बोलत नाय. तीन वर्सांपूर्वी आपण खाली जाता जाता वाचलो होतो. तवा आपला धर्मा काय बोलला होता ते वाचतो."

आणि त्यांनी तुझं वाक्य वाचलं. "खाली जाऊन पावसात चिखलात लोळायचं? त्यापेक्षा क्लबच्या नावाला फुलं वाहा आन् गप घरी बसा."

मंडपात तुझाच आवाज आल्यासारखं झालं. मास्तरांनी वही मिटली. "धर्मानं पस्तीस वर्सं या क्लबच्या जाळ्या इनल्या. त्याचा शबूद मोठा हाय. बंद करायच्या बाजूनं हात वर करा."

हात वर व्हायला लागले. माझाही उजवा हात मांडीवरून उचलला होता, खोटं कशाला बोलू! तुझं वाक्य होतं ना ते. तुझ्या वाक्याच्या विरुद्ध मी कशी जाणार?

तेवढ्यात मागून लक्ष्मण बोलला. भट्टीचा हंगाम संपत आला होता, तो परत गेलाच नव्हता. सभेत तो कधी तोंड उघडत नाही. भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "मास्तर, येक इचारू? ही खालची लीग कवा असते?"

"पावसाळ्यात," मास्तर म्हणाले. "उन्हाळा-हिवाळ्यात मैदानं वरच्यांना लागतात. खालच्यांचं जून संपता संपता सुरू होतं, ते नारळी पौर्णिमेपर्यंत."

"जूनला?" लक्ष्मण सरळ उभा राहिला. "मंग मी हाय ना घरी! पावसाळाभर मी घरीच असतो."

आणि बाबा, मंडपात काहीतरी सरकलं. नितेशने मान वर केली. "मास्तर... जूनपासून तर मासेमारीला बंदी. बोटी सगळ्या वर. नारळ सोडल्याबिगर आपल्याकडं कोण बोट लोटतो?" तो बोटांवर मोजायला लागला. "मी हाय. बोटीवरचे ते तिघं हायत. मागल्या आळीतले दोघं हायत. आरं, आमी सगळेच हाय!"

कळतंय का तुला? वरच्या गटाची लीग चालते तेव्हा आपली निम्मी टीम समुद्रावर आणि लक्ष्मण भट्टीवर. इतकी वर्षं आपण उरलेल्या माणसांना घेऊन खेळलो. खालच्या गटात पहिल्यांदाच आपली पूर्ण टीम, अकराच्या अकरा आणि वर पाच, एकाच वेळी जमिनीवर असणार! आणि चिखल म्हणतोस? चिखल त्यांच्या मैदानांवर! आपली तर रेती. आपल्या मैदानावर पाणी थांबतं कुठे? वरून पडलं की खाली गेलं! तासाभरात खेळायला तयार! हे मास्तरांच्याही लक्षात आलं नव्हतं. शिंप्याने सांगितलं. तो हंगामभर त्या रेतीवर पडलाय, त्याला माहीत.

एकदम सगळे बोलायला लागले. पण मास्तर वही धरून तसेच उभे. म्हणाले, "ते सगळं खरं. पण धर्माचा शबूद?"

तेव्हा मी उठले.

मी म्हटलं, "बाबा चुकला."

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर बसलेच असते. मी म्हटलं, "बाबाला खालच्या लीगची लाज वाटायची, कारण त्याला वाटायचं वरचा तोच खरा खेळ. पण बाबा स्वतः या क्लबसाठी एकदा तरी खेळला का? इचारा कोणालाही. नाय खेळला. का? पाय नव्हते? आपल्या गावात चेंडू मारण्यात त्याच्या पुढं कोण होतं? तो नाय खेळला कारण लीग चालायची तवा तो बोटीवर असायचा. तो बोट वर ओढायचा तवा लीग संपलेली असायची. म्हणून त्यानं जाळ्या इनल्या. पावसाची ही लीग बाबाच्या वेळेला असती ना मास्तर, तर बाबा कोपऱ्यात उभा नसता राहिला. आत असता."

मला हे आधी कधी सुचलं नव्हतं, बाबा. बोलता बोलता कळलं. कोपऱ्याच्या झेंड्याजवळ उभा असताना चेंडू आला की तुझा उजवा पाय आपोआप हलायचा. मी ते तुझ्या गुडघ्याचं दुखणं समजायचे. आणि हरताना तू निघून का जायचास, तेही मला काल कळलं. जो आत जाऊन काही करू शकत नाही, त्याला बाहेरून बघणं किती जड जात असेल!

चुकीचं बोलले का मी? तू असतास तर रागावला असतास. एक दिवस बोलला नसतास. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दारात जाऊन विचारलं असतंस, "पहिली मॅच कोणाशी?"

मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "चालू ठेवायच्या बाजूनं हात वर करा." मोजायची गरजच पडली नाही. रामाशीषने दोन्ही हात वर केले. कुणीतरी म्हणालं, तू एडवणचा नाहीस, तुला मत नाही. तो म्हणाला, "आठ साल से हार रहा हूँ यहाँ, और क्या चाहिए?" त्याचे दोन्ही हात धरले!

पण गोष्ट इथे संपली नाही. सगळे नाचत असताना लक्ष्मण मात्र गप्प झाला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, बोलून गेलो. पण आवणीचा कसा करायचा? जुलय म्हंजे भाताची आवणी. माझ्या घरी मी, बायको आन् आय, तीनच माणसं. रोप तयार झाला का थांबत नाय. आयतवार असो का काय असो, खाचरात उतरायला लागतं. माझा खेळ पयल्या मॅचपुरताच. मंग आवणी."

आणि आठांपैकी निम्म्या मॅच जुलैतच! एका क्षणात पुन्हा सगळं पाण्यात. लक्ष्मण नाही तर आपण खालच्या गटातही कुठे जिंकणार? आणि त्याने तरी शेत सोडून का यावं? वर्षभराचं खाणं त्यात असतं.

मग आई बोलली. बसल्या जागेवरून, अगदी बाजारात भाव सांगावा तशी. "बोटी वर असल्या की आमाला तरी काय काम असतं? ना मासळी, ना सुकवण. आमी येतो की तुज्या शेतावर."

लक्ष्मण हसायला लागला. "आये, तुमाला आवणी येते का?"

"आमाला माशाचं पोट फाडता येतं, जाळं सांधता येतं. तुजं गवत जमिनीत खुपसायला काय लागतं?"

"गवत नाय आये, भात हाय!"

एवढं हसलं अख्खं गाव! पण ठरलं, बाबा. खरोखर ठरलं. आपल्या आळीतल्या अकरा बायका. आवणीच्या दिवसांत गुरुवारपासून शनिवारपर्यंत मासवणला जायचं, लक्ष्मणचं शेत आटपायचं आणि रविवारी त्याला घेऊनच मैदानावर यायचं. लक्ष्मणच्या आईला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "या, पण लुगडं वर खोचून या, आन् उभ्या उभ्या बोलत बसू नका." आईला ती आताच आवडलीय. दोघी भेटल्या की काय होईल याची मला मॅचपेक्षा जास्त उत्सुकता आहे!

आज सकाळी बाजारात बसले होते तर गिऱ्हाईक विचारतं, "ताई, पापलेट कसा दिला?" आणि माझ्या डोक्यात टीम लागतेय! गोलमध्ये नितेश. पुढे लक्ष्मण. मध्ये बोटीवरचे तिघं, ज्यांनी गेल्या हंगामात एकत्र एकच मॅच खेळली, ते आता आठही खेळणार. रामाशीषने संध्याकाळच्या सरावाला यायचं कबूल केलंय. गावाकडे तो बचावात खेळायचा म्हणे, आपल्या पोरांना उभं कसं राहायचं ते शिकवणार. शिंप्याला आम्ही खेळाडूंच्या यादीतून काढलेलं नाही. त्याने स्वतःहून हात जोडले, तरी नाही! आणि मास्तरांनी काल घरी जाताना मला टीमची वही दिली. म्हणाले, "टीमचं आता तू बघ. भांडायला माणूस लागतं." म्हणजे रविवारी कोण येणार, कोण नाही, गाडी कुठून सुटणार, हे सगळं आता माझ्याकडे. लहानपणी मैदानावर न नेलेल्या मुलीकडे, बाबा!

आपण जिंकू का? पहिले येऊन परत वर जाऊ का? माहीत नाही. खालच्या गटातही चांगल्या टीम आहेत, डहाणूकडची एक तर पावसातच वाढलेली आहे म्हणतात. आणि समजा वर गेलो, तर पुन्हा बोटी, पुन्हा भट्टी, पुन्हा तेच! मी हे मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "आधी वर तर जा, मग रडू." बरोबर आहे. मला तर या वर्षीचंच बघायचंय. सगळे एकदम मैदानात उतरलेले कसे दिसतात, ते मी जन्मात बघितलेलं नाही. तूही नाही.

आता तुला एक वचन देते आणि उठते, आई पीठ मळतेय.

मला भाताची आवणी येत नाही. माझी ओळ वाकडी जाणार, कंबर धरणार, लक्ष्मणची आई मला सगळ्यांसमोर बोलणार. पण दर शनिवारी दिवस मावळायच्या आत लक्ष्मणच्या खाचरात लावायची एकही मूठ शिल्लक राहणार नाही. राहिली तर मी तिथेच थांबेन आणि रविवारी सकाळी ती लावेन, मॅच चुकली तरी चालेल. लक्ष्मण मात्र मैदानावर असेल. हे माझं वचन.

तुझी मुलगी आणि टीमची नवी मॅनेजर,
भारती